साठ साग, चार गाई

दिवाळी होऊन दहा दिवस झाले नाहीत तोच व्यापारी आला आणि नानांच्या अठ्ठावीस सागांवर चुन्याच्या खुणा करून गेला. काकी तेव्हा खालच्या पट्टीत गवत कापत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. संध्याकाळी धारा काढून झाल्या, दूध डेअरीला गेलं, आणि ओट्यावर जे सुरू झालं ते रात्री साडेदहापर्यंत चाललं.

आधी जागा सांगतो. मलकापूर म्हणजे कराडला चिकटलेलं, पुणे-कोल्हापूर हायवेच्या दोन्ही अंगांना वाढलेलं मलकापूर. बुलढाण्याचं वेगळं, शाहूवाडीचंही वेगळं. चोवीस तास मीटरने नळाचं पाणी देणारं गाव म्हणून याचं नाव राज्यभर झालं. पाठीशी आगाशिवाचा डोंगर, त्याच्या पोटात बौद्ध लेणी. डोंगराच्या उतरणीला सात एकर पड आहे. मुरमाड, वरच्या अंगाला खडक उघडा पडलेली, सातबाऱ्यावर बरीचशी पोटखराब्यात गेलेली. त्यात साठ साग, बांधाला बाभळी, मधे दोन लिंब, ओघळीला सुबाभळीचं रान आणि बाकी गवत. नाना आणि काकी हे दीर-भावजय. ही दोन माणसं मी थोडी जुळवली आहेत. अशा पडीवरून भांडणारी पाच-सहा घरं मी ऐकली, त्यांचं बोलणं या दोन तोंडांत घातलं आहे आणि बोलीही जरा सरळ केली आहे. भांडण मात्र खरं आहे.

"वैनी, तुमच्या गवताला धक्का लागायचा नाही," नानांनी सुरुवात केली. "उलट साग गेला की ऊन येईल खाली."

"ऊन येईल. पण ओंडके कुठून ओढणार? माझ्याच पट्टीतून ना? निम्मं गवत अजून उभं आहे तिथं."

"ट्रॅक्टर एकदाच जायचा."

"एकदा जातो म्हणूनच चाकोरी पडते, भावजी. पुढच्या पावसात तीच ओघळ होते."

नाना कराडच्या एका लाकूड वखारीत तीस वर्षं होते. लाकडाचा वास घेऊन ते झाड कुठल्या अंगाचं ते सांगतात, असं गावात म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, पण ओंडका बघून घनफूट सांगताना मी त्यांना पाहिलं आहे. हे साठ साग त्यांनीच लावले. 1982 साली राज्यात सामाजिक वनीकरण विभाग निघाला, त्यानंतरच्या वर्षांत रोपवाटिकेतून सागजड्या मिळायच्या. जडी म्हणजे बोटाएवढं मूळ आणि वर वीतभरसुद्धा नाही असं खोड. पहारीने भोक पाडायचं, जडी घालायची, टाचेनं दाबायचं. दीडशे लावल्या, साठ राहिल्या. कराडला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. साठ किलोमीटरवर कोयनेला पाच हजारांच्या घरात पडतो, पण तो इकडे येत नाही. मुरमावर, एवढ्या पाण्यात, चाळीस वर्षांत सागाचा घेर तीन फुटांवर आला तर पुष्कळ.

"व्यापारी काय म्हणतो?" मी विचारलं.

"उक्तं मागतोय. अठ्ठावीस झाडं, एक आकडा."

"मग उक्तं देऊ नका," हे काकी म्हणाल्या. मला नवल वाटलं. "त्यानं आकडा कसा काढला ते तरी विचारलंत?"

नानांनी मला कागद आणायला सांगितला. वखारीतली मोजणी अशी: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. तीन फूट घेर, दहा फूट लांबी. पाऊण गुणिले पाऊण गुणिले दहा, म्हणजे साडेपाच घनफुटांच्या किंचित वर. पण गोल लाकडाचा खरा हिशेब वर्तुळाचा, तो सात घनफुटांच्या पुढे जातो. दर शंभर घनफुटांतले साडेएकवीस हिशेबातच येत नाहीत. ही पद्धत इंग्रजांच्या वखारीतून आली. ओंडका चौकोनी कापताना साल आणि कडा वाया जातात, म्हणून ती सूट. "सूट ठीक आहे," नाना म्हणाले, "पण तो आधी अशी मोजणी करतो, मग त्यात पोकळ म्हणून कापतो, मग वाकडं म्हणून कापतो. मी तीस वर्षं त्याच्या बाजूला बसून हेच केलंय."

हे सांगताना ते हसले नाहीत.

काकींची गोष्ट वेगळी. त्यांच्या दावणीला चार गाई, दोन खिलार आणि दोन संकरित. संकरित दूध देतात आणि खिलार अब्रू राखतात, असं त्या म्हणतात. खिलार ही माणदेशची, सातारा-सांगली-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्याची जात. दूध वासरापुरतं, पण खोंड झाला तर त्याला शर्यतवाले शोधत येतात. सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2023 ला शर्यतींचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून चांगल्या खोंडाची मागणी पुन्हा उभी राहिली. जो खोंड पळत नाही त्याचं काय, हा प्रश्न मात्र 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर काकींच्या दारात उभा आहे, कारण म्हातारा बैल आता विकतही नाही आणि सोडवतही नाही. त्यावर एक वेगळा लेख होईल. इथं एवढंच, की दावणीला आलेलं जनावर खातं, आणि रोज खातं.

किती खातं याचा हिशेब नानांनी मांडला. हिशेबाचा त्यांना नाद आहे. चार जनावरं, सरासरी दहा किलो कोरडा चारा, दिवसाला चाळीस किलो. वर्षाला साडेचौदा टन. डोंगरपडीवर एकरी टनभर वाळलं गवत निघालं तर देवाची कृपा, म्हणजे सात एकरांत सात टन. त्यातही सागाखालचं धरायचं नाही.

"म्हणजे वैनी, तुमच्या गाई या पडीवर अर्ध्याच जगतात. बाकी अर्ध्या उसाच्या वाढ्यावर आणि विकतच्या कडब्यावर. मग या अर्ध्यासाठी सात एकर अडवून ठेवायचे? तिथं दाट झाडं लावली, बांबू लावला, तर पंधरा वर्षांत..."

"पंधरा वर्षं गाईला काय सांगू? थांब म्हणू?"

"वाढे आहेत की. कारखाने सुरू झाले. मार्चपर्यंत हायवेवर वाढ्यांची गाडी मागाल तेव्हा मिळते."

"नुसत्या वाढ्यावर गाय ठेवून बघा. मागल्या साली विताना बसली ती उठेना. डॉक्टरनं कॅल्शियमची बाटली लावली तेव्हा उठली." वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि शेणावाटे घालवतं. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा असं पशुवैद्य सांगतात. काकी निवळी शिंपडतात, पण वाढ्यात डोंगराचं गवत मिसळल्याशिवाय गव्हाणीत टाकत नाहीत. "अर्धाच आहे म्हणता, पण तो अर्धा मधला आहे, भावजी. चपातीत कणीक अर्धी आणि पाणी अर्धं, म्हणून पाणी काढून टाकता का?"

गवताविषयी काकींना जे कळतं ते नानांना सागाविषयी कळतं तेवढंच आहे, फक्त त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही. पवन्या आणि मारवेल फुलावर आले की कापायचे, दसऱ्याच्या मागंपुढं. तेव्हा त्यात सत्त्व असतं. दिवाळी गेली की काडी होते. कुसळी तर त्याआधीच काढायची, नाहीतर तिची कुसळं जनावराच्या हिरड्यांत रुततात आणि मेंढरांच्या लोकरीत. कापताना चार बोटं बुडखा ठेवायचा. हे सगळं त्या कापता कापता सांगतात, आणि भारा डोक्यावर घेऊन चालू लागतात.

त्या भाऱ्यावरूनच पुढची ठिणगी पडली. नाना म्हणाले, "माझं म्हणणं एकच आहे. पडीवर जनावर नको. चराईबंदी करा. राळेगणसिद्धीला केली, हिवरे बाजारला केली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. डोंगर हिरवे झाले की नाही?"

"झाले. टीव्हीवर बघितलेत मी."

"मग?"

"मग तिथं गवत कोण कापून आणतं ते टीव्हीवर दाखवलं नाही. भावजी, बंदी करणं सोपं आहे. गाय चरायला गेली तर ती आपल्या पायानं गवतापर्यंत जाते. बंदी झाली की गवत माझ्या डोक्यावरून गाईपर्यंत येतं. तुमचं हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. आणि गंमत अशी, की चराईबंदी म्हणता तेव्हा कुऱ्हाडबंदी विसरता. खुणा तर तुम्हीच मारून घेतल्यात!"

नाना गप्प झाले. मीही. हिवरे बाजार आणि राळेगण ही गावं मी पाहिली आहेत, तिथलं काम मोठं आहे. पण त्या गावांबद्दल जेवढं लिहिलं गेलं त्यात डोक्यावरच्या भाऱ्याचं वजन मला फारसं कुठं सापडलं नाही.

मला इथं जुनी गोष्ट आठवली. महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात इंग्रज सरकारच्या जंगलखात्यावर त्यांचा मोठा राग आहे, कारण खात्यानं डोंगर आणि गायरानं बंद केली आणि शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही. फुल्यांचं मूळ गाव याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. पुढं 1930 च्या जंगल सत्याग्रहात दोन्ही गोष्टी घडल्या: पुसदला लोकनायक अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं, आणि आपल्या बिळाशीला लोकांनी साग तोडला. बिळाशी आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा ती सातारा जिल्ह्यात होती. एका ठिकाणी विळा, दुसऱ्या ठिकाणी कुऱ्हाड, आणि दोन्हीकडे सरकार एकच.

हे मी ओट्यावर सांगितलं. नाना खूश झाले. काकी म्हणाल्या, "बघा, आधी गवत."

"तारीख बघून सांगतो," मी म्हणालो, आणि विषय तिथंच सोडला.

मग कायद्यावर गाडी आली, कारण ती येणारच होती. आपल्या मालकीच्या रानातलं झाड आपलं असतं, पण पूर्ण आपलं नसतं. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचं विनियमन करणारा अधिनियम 1964 चा. त्याच्या अनुसूचीत साग आहे, तसे हिरडा, आंबा, फणस, चिंच, ऐन, किंजळ, जांभूळ वगैरे आहेत. यांतलं झाड बांधावर असो की परसात, परवानगी लागते. अर्ज, सातबारा, हद्दीचा नकाशा, जागेवर येऊन पंचनामा, तोडीचा हुकूम, मग ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का आणि शेवटी वाहतुकीचा पास. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी या यादीत नाहीत. बांबू तर 2017 च्या दुरुस्तीनं, वनाबाहेरच्या जमिनीपुरता, झाडच राहिलेला नाही. कायद्यानं तो गवत झाला. आणि हीच पड नगरपरिषदेच्या हद्दीत असती तर 1975 चा शहरी भागाचा कायदा लागला असता, वृक्ष प्राधिकरणापुढं जावं लागलं असतं, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपलीकडचं झाड 'हेरिटेज' ठरलं असतं. नानांचे साग त्या वयाला आठ-दहा वर्षांनी पोचतील. शहर तोवर पडीपर्यंत पोचेल काय, हा दुसरा प्रश्न.

मराठी माणसाला हे नवं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणावं ते सांगितलं आहे. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं, असा त्याचा आशय आहे.

"धन्याला राजी करून," काकींनी तेवढंच उचललं. "या पडीचा धनी कोण, भावजी?"

नानांनी उत्तर दिलं नाही, कारण ते त्यांना माहीत होतं. काका गेल्यावर वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर काकींचं नाव लागलं. तोडीच्या अर्जावर सहहिस्सेदाराची संमती लागते. व्यापाऱ्यानं चुना मारला, आकडा ठरवला, आणि काकींची सही नाही तोवर त्या चुन्याला चुन्याचीच किंमत.

यानंतर बोलण्याचा सूर बदलला. मला वाटतं खरा विषय इथून सुरू झाला.

"समजा," काकी म्हणाल्या, "मी सही दिली. अठ्ठावीस तोडले. मग?"

"मग बुंध्याला फुटवे येतात. सागाला भरपूर येतात. जमिनीलगत, जरा तिरका, गुळगुळीत काप द्यायचा म्हणजे पाणी साचत नाही. दुसऱ्या वर्षी दोन फुटवे ठेवायचे, बाकीचे काढायचे. आतलं मूळ चाळीस वर्षांचं असतं, त्यामुळं फुटवा जडीपेक्षा दुप्पट वेगानं वर जातो."

"आणि गाई?"

"सागाचं पान गाय सहसा खात नाही. खरबरीत असतं. पण कोवळ्या फुटव्याला अंग घासते, खुरानं मोडते."

"आणि सुबाभूळ?"

इथं नाना हरले, कारण सुबाभळीचं रान काकींनी राखलेलं आहे. उरुळीकांचनच्या बाएफनं, मणिभाई देसाईंच्या त्या संस्थेनं, सत्तरच्या दशकात सुबाभूळ गावोगाव नेली. तोडली की फुटते, पाला प्रथिनांनी भरलेला, लाकूड जळणाला आणि कागदाच्या लगद्याला. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. गाईला तिच्यावरच ठेवलं की शेपटीचे केस झडतात. म्हणून चाऱ्यात तिसरा हिस्सा, त्यावर नाही. हवाईतल्या बकऱ्या मात्र सुबाभूळ पोटभर खाऊन ठणठणीत असायच्या. ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांनी शोधलं तेव्हा कळलं, की त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ते विष पचवतात. काकींना हवाई माहीत नाही; तिसरा हिस्सा माहीत आहे.

"सुबाभूळ मी दरवर्षी तोडते," त्या म्हणाल्या. "सगळी एकदम तोडत नाही. ओघळीच्या या अंगाची एका साली, त्या अंगाची दुसऱ्या साली. तोडलेल्या अंगाला बोराटीची काटेरी शीर लावते. कधी शीर मोडली आणि शेजारच्या शेळ्या शिरल्या, तर त्या अंगाचं खोडच मरतं. भावजी, मी आजवर कुऱ्हाडीनं एक झाड मारलेलं नाही. दातानं मेलेली पन्नास दाखवते."

वनखात्याच्या जुन्या कार्ययोजना काढून पाहिल्या तर हेच सापडतं. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, पाडायचे, एका वर्षी एक कूप तोडायचा, आणि तोडलेला कूप काही वर्षं चराईला बंद ठेवायचा. झाड तोडणं हा एका दिवसाचा प्रसंग असतो. त्यानंतरची तीन ते पाच वर्षं गाय कुठं असते यावर ते झाड परत येणार की नाही ते ठरतं. राळेगणची सबंध बंदी आणि आमच्या गायरानाची सबंध मोकळीक, या दोन टोकांमधली जागा अशी आहे: बंदी ठेवायची, पण फिरती. नानांच्या वखारीला ती कधी दिसली नाही, कारण वखारीत झाड मेलेलंच येतं. काकींना दिसली, कारण त्यांनी शीर मोडलेली पाहिली.

मी त्यांना कोरंगाडूबद्दल सांगितलं. तमिळनाडूत ईरोड, तिरुप्पूर, करूर या भागात आपल्याएवढाच किंवा कमी पाऊस. तिथं कांगेयम जातीची गुरं. आपल्या खिलारसारखीच कामाची, शर्यतीची. घरटी पाच-दहा एकरांचं खासगी कुरण असतं, त्याला कोरंगाडू म्हणतात. भोवती जिवंत काटेरी कुंपण, आत अंजन गवत, आणि मधे मधे हिवराची झाडं. कुरणाचे वाफे पाडलेले असतात, गुरं एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात. हिवराच्या शेंगा मेंढ्या खातात, म्हातारा हिवर लाकडाला जातो.

"हिवर?" काकी म्हणाल्या. "आपल्या माणात रानोमाळ आहे की."

"आहे. आपण त्याला जळण म्हणतो."

नानांनी हिवराला नाक मुरडलं. इमारती लाकूड नव्हे म्हणाले. मग थोड्या वेळानं स्वतःच बोलले, "पण सावली हलकी असते त्याची. रामकाठी बाभळीचीही. ती उभी वाढते, फांद्या अंगाला धरून. पूर्वी बांधावर तीच लावायचे, पिकाला ऊन मिळावं म्हणून. औताचं लाकूड तिचंच."

"आणि कुऱ्हाडीचा दांडाही," काकी म्हणाल्या. दांडा गोतास काळ, हे त्यांनी पुढं म्हटलं नाही, पण आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

सागाची अडचण नानांनीच मग कबूल केली. एवढी वर्षं ते बोलले नव्हते. साग उन्हाळ्यात पानं टाकतो, तेव्हा जमिनीवर ऊन असतं पण गवत वाळलेलं असतं. पावसाला सुरुवात झाली की साग सुपाएवढी पानं काढतो, नेमकं गवताला ऊन हवं असतं तेव्हा. वर त्या पानांवरून पडणारा थेंब मोठा असतो, तो मुरूम उकरतो. दाट सागाखाली म्हणूनच जमीन उघडी दिसते. "लावताना सहा फुटांवर लावले. मधे विरळणी करायला हवी होती. केली नाही. जीव झाला नाही."

"मग आता तेच करा," काकी म्हणाल्या. "अठ्ठावीस एका जागचे नका काढू. एक सोडून एक काढा."

"व्यापारी ऐकायचा नाही. त्याला एका जागी हवेत, ट्रॅक्टरला सोपे."

"मग व्यापारी बदला. तीस वर्षं वखारीत होतात, दुसरा कुणी ओळखीचा नाही?"

वणव्याचा मुद्दा राहिला होता. आगाशिवाचा उतार फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी ना कधी पेटतोच. कुणी विडी टाकतो, कुणी नवं गवत चांगलं येतं म्हणून मुद्दाम लावतो. नाना दरवर्षी सागाभोवती जाळरेषा काढतात, मजूर लावून. यंदा काकींनी सुचवलं, की डिसेंबरात त्या पट्ट्यात गाई बांधून चारायच्या. खुंट्याला लांब दावं, रोज खुंटी दहा पावलं पुढं. गवत गाईच्या पोटात जाईल, पेटायला उरणार नाही, शेण जागेवर पडेल. नानांनी विचार केला आणि म्हणाले, "मजुरी वाचेल." त्यांच्या तोंडून आलेला हा सर्वांत मोठा होकार.

एवढ्यात नानांच्या धाकट्या भावाच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. हा फोन दर महिन्याला येतो आणि त्यात दर वेळी तेच असतं: पड एनए करा, प्लॉट पाडा. हायवेपासून किती मिनिटं लागतात ते त्यानं मोजून ठेवलं आहे. फोन स्पीकरवर होता. नाना आणि काकी दोघंही एकाच सुरात म्हणाले, "आत्ता नाही." मग एकमेकांकडं बघून जरा ओशाळले.

मला या सगळ्यात बाजू घ्यायची झाली तर मी काकींची घेईन, आणि तेही गाईंसाठी नाही. नानांच्या हिशेबात झाड उभं असतं आणि मग आडवं होतं, मधली चाळीस वर्षं कोरी. काकींच्या हिशेबात रोजचा दिवस आहे, आणि डोंगरउताराची शेती रोजच्या दिवसावरच टिकते किंवा जाते. पण एक गोष्ट नानांच्या बाजूनं सांगायला हवी. ते साग चाळीस वर्षांपूर्वी टाचेनं दाबले नसते तर आज ओट्यावर बोलायला काही नसतं. नुसती कुसळी असती आणि पुण्याचा फोन.

कुंपणाचा प्रश्न शेवटी निघाला. तोडलेल्या भागाला पाच वर्षं जनावर शिरू द्यायचं नाही, तर बोराटीची शीर पुरणार नाही. नानांना तारेचं हवं, काकींना जिवंत हवं: निवडुंग, सागरगोटा, मधे गिरीपुष्पाचे खांब, त्याचा पालाही होईल. तारेच्या कुंपणाचा अंदाज काढला तर तो सागाच्या पैशाच्या निम्म्यावर गेला. नाकापेक्षा मोती जड. जिवंत कुंपण उभं राहायला दोन पावसाळे लागतात, आणि फुटव्यांना तर पहिल्याच पावसाळ्यात राखण हवी.

साडेदहाला काकी उठल्या, गाईंना पाणी दाखवून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना चुन्याचा डबा घेऊन पडीवर गेले आणि चौदा झाडांवरच्या खुणा त्यांनी मातीनं पुसल्या. उरलेल्या चौदा, एक सोडून एक. त्या अर्जावर काकींनी सही केली आहे. अर्ज गेला आहे. कुंपणाचे पैसे कुणी घालायचे ते अजून ठरलेलं नाही.